वाळूच्या पिशवीपासून थेंबांच्या बाटलीपर्यंत : मोतीबिंदूच्या शुश्रूषेचा भारतीय इतिहास

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण आज बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. शंभर वर्षांपूर्वी हाच रुग्ण कित्येक दिवस उताणा पडून राहत असे. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि मान वळवू नये, खोकू नये, शिंकू नये, चावून खाऊ नये अशी सक्त ताकीद. या दोन चित्रांमधील अंतराचा इतिहास सामान्यतः शल्यविशारदांच्या आणि कृत्रिम भिंगांच्या नावाने सांगितला जातो. तो खरा आहे, पण अपुरा आहे. शस्त्रक्रिया काही मिनिटांत संपते. डोळा वाचतो की जातो याचा निकाल त्यानंतरच्या दिवसांत लागतो, आणि ते दिवस शुश्रूषा करणाऱ्यांच्या हाती असतात. भारतात आता दरवर्षी मोतीबिंदूच्या साठ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया होतात. म्हणून हा दुसरा, मागे राहिलेला इतिहासही समजून घेणे आवश्यक आहे.

या इतिहासाचे सर्वांत जुने भारतीय पान सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सापडते. ‘लिंगनाश’ या विकारावर तेथे शलाकेने करावयाची क्रिया वर्णिली आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर गढूळ झालेले भिंग डोळ्याबाहेर न काढता प्रकाशाच्या मार्गातून बाजूला सारले जाई. ग्रंथकार शलाका बाहेर काढल्यावर थांबत नाही. डोळ्याला तूप लावून पट्टी बांधावी, रुग्णाने उपद्रवरहित घरात उताणे झोपावे, ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे आणि थरथरणे टाळावे, दर तीन दिवसांनी काढ्याने डोळा धुवावा आणि दहा दिवस हा संयम पाळावा, असे नियम तो घालून देतो. आजच्या भौतिक ज्ञानाने पाहिले तर या नियमांमागचे कारण स्पष्ट होते. शिंकताना वा खोकताना छातीतील दाब वाढतो, डोक्याकडून परतणाऱ्या शिरांमधील रक्त क्षणभर अडते आणि नेत्रगोलातील दाब उसळी घेतो. खाली बसवलेले भिंग अशा हिसक्याने पुन्हा वर येऊ शकते. कारणमीमांसा वेगळ्या परिभाषेत असली तरी निरीक्षण अचूक होते.

ही क्रिया पुढे कित्येक शतके टिकली, परंतु तिच्यासोबतची शुश्रूषा टिकली नाही. एकोणिसाव्या शतकात भारताच्या अनेक भागांत फिरते वैदू गावोगाव जाऊन सुईने मोतीबिंदू ‘उतरवत’ असत. क्रिया होताच रुग्णाला बोटे मोजता येत, घरचे लोक हरखून जात, आणि मोबदला घेऊन वैदू पुढच्या गावाला निघून जाई. डोळ्यात सुटे राहिलेले भिंग पुढील आठवड्यांत वा महिन्यांत दाह निर्माण करी, दाब वाढवी, आणि अनेकदा आलेली दृष्टी कायमची नेई. मद्रासच्या शासकीय नेत्र रुग्णालयाचे अधीक्षक राहिलेले रॉबर्ट हेन्री इलियट यांनी अशा बिघडलेल्या डोळ्यांचा मोठा अभ्यास केला आणि १९१७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये या विषयावर व्याख्याने दिली. या प्रकरणातून मिळणारा धडा केवळ वैदूंच्या अज्ञानाचा नाही. जो क्रियेनंतर थांबतो, त्यालाच तिचे फळ दिसते. पहिल्या दिवशीच निघून जाणाऱ्याच्या खाती केवळ यशेच जमा होतात. शुश्रूषा ही दया असते तशीच ती मोजणीही असते. तिच्यावाचून कोणत्याही उपचाराचे खरे मूल्य कळत नाही.

भिंग डोळ्यात ढकलण्याऐवजी बाहेरच काढण्याची पद्धत फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल यांनी १७४७ पासून रूढ केली. ती भारतात आली तेव्हा येथे नेत्ररुग्णालयांची परंपरा आकार घेत होती. मद्रासचे नेत्ररुग्णालय १८१९ मध्ये स्थापन झाले. लंडनच्या मूरफील्ड्सनंतर जगातील सर्वांत जुन्या नेत्ररुग्णालयांत त्याची गणना होते. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखवले आणि शस्त्रक्रियेतील असह्य वेदना टळल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबात जालंदर येथे हेन्री स्मिथ या इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टरांनी भिंग त्याच्या आवरणासकट, बाहेरून दाब देऊन काढण्याची पद्धत हजारो रुग्णांवर वापरली. ती पाहण्यासाठी परदेशांतून नेत्रतज्ज्ञ जालंदरला येत. त्या पद्धतीत रुग्णाची पापणी आकड्याने उचलून धरणारा साहाय्यक शल्यविशारदाइतकाच महत्त्वाचा होता. पापणीचा भार नेत्रगोलावर पडला तर आतील काचाभ द्रव बाहेर येण्याचा धोका असे.

वाळूच्या पिशव्यांचे रहस्य येथे उलगडते. भिंग सबंध बाहेर काढायचे तर पारपटलाच्या कडेने जवळजवळ अर्धवर्तुळाकार छेद घ्यावा लागे. डोळ्यावर वापरता येतील इतके बारीक धागे आणि सुया विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास उपलब्ध नव्हत्या. त्यामुळे ही जखम बहुधा टाक्यांवाचून, केवळ पापणी मिटून आणि वर पट्टी बांधून भरू दिली जाई. निरोगी डोळ्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा पाऱ्याच्या साधारण १० ते २१ मिलिमीटर एवढा अधिक असतो. म्हणजे आतून सतत बाहेर रेटणाऱ्या एका लहानशा कुंडाची अर्धी कड उघडी आहे, आणि ती मिटून ठेवणारे काहीही नाही, अशी ती स्थिती होती. एक शिंक, एक उबळ, शौचाला कुंथणे, उशीवरून मान झटक्याने वळवणे, यांपैकी कशानेही जखमेची कड उचलली जाऊन परितारिका बाहेर डोकावू शके. टाक्यांचे काम रुग्णाच्या निश्चलतेकडून करून घेतले जात होते, आणि ती निश्चलता राखण्याचे काम परिचारिकेकडे होते.

ते काम किती कठीण असेल याची कल्पना आज येणे अवघड आहे. भारतात परिचारिकांचे औपचारिक प्रशिक्षण मद्रासच्या सरकारी रुग्णालयात १८७१ मध्ये सुरू झाले. पण नेत्रविभागातील रुग्ण इतर विभागांतील रुग्णांहून निराळा होता. त्याला ताप नव्हता, वेदना फारशी नव्हती, आणि तरीही त्याला दगडासारखे पडून राहायचे होते. परिचारिकेने त्याला पातळ अन्न चमच्याने भरवायचे, अंथरुणातच मलमूत्राची सोय करायची, कुंथावे लागू नये म्हणून कोठा साफ राखायचा, पाठीला शय्याव्रण होऊ नये म्हणून डोके न हलवता त्वचेची काळजी घ्यायची. बहुतेक रुग्ण वृद्ध असत. दिवसेंदिवस उताणे पडल्याने त्यांच्या फुप्फुसांत कफ साठे, पायांच्या शिरांत रक्त गोठे, पुरुषांची लघवी अडे. आणि सर्वांत विलक्षण संकट मनाचे होते. दोन्ही डोळे बांधलेले काही वृद्ध दोन-तीन रात्रींनंतर भ्रमिष्ट होत, कोठे आहोत हे विसरत, पट्ट्या ओढून काढत. या अवस्थेला पाश्चात्त्य वैद्यकग्रंथांत काळ्या पट्टीचा उन्माद असे नाव मिळाले. प्रकाश आणि दिशा हरवलेल्या मेंदूला आधार असतो तो केवळ आवाजाचा. म्हणून खाटेजवळ जाताना दुरूनच नाव घेऊन हाक मारणे, स्पर्श करण्यापूर्वी सांगणे, वेळ आणि वार पुन्हा पुन्हा सांगणे, हे नेत्रशुश्रूषेचे नियम बनले. दृष्टिहीन वा श्रवणहीन रुग्णाशी वागण्याचे जे नियम आजही परिचर्येच्या अभ्यासक्रमात शिकवले जातात, त्यांची मुळे अशाच अनुभवांत आहेत.

स्वातंत्र्याच्या आगेमागे या चित्रात शिबिरांची भर पडली. पंजाबात मोगा येथील डॉ. मथुरादास पाहवा यांच्या आणि पुढे कर्नाटकातील डॉ. एम. सी. मोदी यांच्या नेत्रशिबिरांनी शस्त्रक्रिया गावापर्यंत नेली. शाळांच्या खोल्या, धर्मशाळा, मांडव यांत रुग्णांच्या रांगा लागत. तेथे प्रशिक्षित परिचारिका मोजक्याच असत. शुश्रूषेचा मोठा भार सोबत आलेली सून, मुलगी किंवा पत्नी उचलीत असे. भिंग काढलेल्या डोळ्याला मग सुमारे दहा डायॉप्टरचा जाड चष्मा मिळे. त्यातून जग जवळजवळ पाव पटीने मोठे दिसे, बाजूचे दृश्य एका वर्तुळाकार पट्ट्यात गायब होई, आणि दारातून येणारा माणूस अकस्मात समोर उगवल्यासारखा भासे. एकच डोळा शस्त्रक्रिया झालेला असेल तर दोन डोळ्यांतील प्रतिमांचे आकार जुळत नसत. पायरी कशी उतरायची, पेला कसा धरायचा हे पुन्हा शिकावे लागे. आणि हा चष्मा फुटला की दृष्टी पुन्हा गेली. शस्त्रक्रिया ‘यशस्वी’ आणि माणूस मात्र अंधच, अशी उदाहरणे त्या काळात विरळा नव्हती.

या प्रश्नाचे भौतिक उत्तर लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी शोधले. काढलेल्या भिंगाच्या जागीच प्लॅस्टिकचे भिंग बसवण्याचा तो पहिला प्रयोग होता. हे तंत्र निर्धोक होण्यास आणि भारतातील गरीब रुग्णापर्यंत पोहोचण्यास मात्र पुढची चार दशके लागली. दरम्यान १९७६ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. देशातील अंधत्वाचे प्रमाण १.४ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांपर्यंत खाली आणणे हे त्याचे उद्दिष्ट होते. त्याच वर्षी मदुराई येथे शासकीय सेवेतून निवृत्त झालेल्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय उघडले. संधिवाताने त्यांची बोटे तारुण्यातच वाकडी झाली होती, तरी त्यांनी त्याच बोटांनी शस्त्रक्रिया करण्याची साधना केली होती.

अरविंदच्या यशाचे श्रेय बहुधा शल्यविशारदांच्या वेगाला आणि १९९२ मध्ये सुरू झालेल्या ऑरोलॅबच्या स्वस्त भिंगांना दिले जाते. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पण या व्यवस्थेचा कणा वेगळाच आहे. खेड्यापाड्यांतून आलेल्या, शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या तरुण मुलींना तेथे दोन वर्षे प्रशिक्षण दिले जाते. दृष्टी तपासणे, डोळ्यातील दाब मोजणे, भिंगाची शक्ती ठरवण्यासाठी मोजमाप घेणे, रुग्णाला समजावून सांगणे, शस्त्रक्रियेच्या मेजावर साहाय्य करणे, पट्टी सोडणे ही कामे त्या करतात. एका मेजावर शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या मेजावर पुढचा रुग्ण त्या तयार ठेवतात, म्हणून शल्यविशारदाचा एकही क्षण वाया जात नाही. यातील एकेक काम किती नाजूक आहे याचे एक उदाहरण पुरेसे आहे. भिंगाची शक्ती ठरवण्यासाठी ध्वनितरंगांनी डोळ्याची लांबी मोजतात. मोजताना उपकरणाचे टोक पारपटलावर किंचित अधिक दाबले गेले तर डोळा आखूड भरतो. लांबीत एका मिलिमीटरची चूक झाली तर भिंगाच्या शक्तीत सुमारे अडीच डायॉप्टरची चूक होते. निर्दोष शस्त्रक्रियेनंतरही रुग्णाला मग जाड चष्मा लागतो. डोळ्याचे भवितव्य येथे शल्यविशारद खोलीत येण्याआधीच ठरलेले असते.

वाळूच्या पिशव्या अखेर हद्दपार केल्या त्या दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली घातले जाणारे बारीक टाके. दुसरी गोष्ट अधिक चतुर होती. डोळ्याच्या पांढऱ्या श्वेतपटलातून तिरपा बोगदा खणत पारपटलाच्या आत उघडणारा छेद घेतला, तर त्याचे आतील ओठ झडपेप्रमाणे काम करते. डोळ्यातील दाब त्या ओठाला बाहेरच्या भिंतीवर दाबून धरतो, आणि छेद आपोआप मिटतो. जो दाब पूर्वी जखम उघडत होता, तोच आता ती बंद ठेवू लागला. सुश्रुताच्या काळापासून ज्याच्या भीतीने रुग्णाला शिंकूही दिले जात नव्हते, त्या शत्रूलाच भूमितीने द्वारपाल बनवले. चार्ल्स केल्मन यांनी १९६७ मध्ये आणलेल्या ध्वनितरंगांच्या यंत्राने छेद आणखी लहान झाला. परंतु ते यंत्र महाग होते. हाताने करावयाच्या, बिनटाक्याच्या लहान छेदाच्या शस्त्रक्रियेने भारत आणि नेपाळमध्ये स्वस्त पर्याय उभा केला. पुण्यातील एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात झालेल्या आणि २००३ व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचण्यांनी या पर्यायाला भक्कम पुरावा दिला : तो जुन्या टाक्यांच्या पद्धतीहून सरस आणि यंत्राच्या पद्धतीच्या तोडीचा ठरला. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साह्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत चाललेल्या प्रकल्पानेही मांडवातील शस्त्रक्रियेकडून रुग्णालयातील शस्त्रक्रियेकडे आणि कृत्रिम भिंगाकडे वळण्यास गती दिली.

जखमेचा धोका घटला, तसा दुसरा धोका अधिक ठळक झाला. डोळ्याच्या आत जंतू शिरले तर तेथील काचाभ द्रव त्यांच्यासाठी उत्तम खाद्य ठरतो. काही तासांत वा दिवसांत दृष्टिपटल नष्ट होऊ शकते. शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीनचे सौम्य द्रावण घालणे हा त्यावरील साधा आणि परिणामकारक उपाय आहे. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यातच मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडण्याचा परिणाम अरविंद रुग्णालयांतील सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून तपासला गेला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जंतुसंसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आलेले दिसले. इतक्या विरळ घटनेतील फरक दिसण्यासाठी लाखो नोंदी बिनचूक ठेवाव्या लागतात. फिरत्या वैदूकडे नेमकी हीच गोष्ट नव्हती.

उलट बाजूचे पुरावेही ताजे आहेत. २०१४ मध्ये पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यात एका शिबिरानंतर अनेक वृद्धांनी दृष्टी गमावली. २०२१ मध्ये बिहारमधील मुझफ्फरपूर येथे शस्त्रक्रियेनंतर संसर्ग झालेल्या अनेकांचे डोळे काढावे लागले. अशा घटनांनंतर दोषी शल्यविशारदाचा शोध सुरू होतो. परंतु निर्जंतुकीकरणाच्या यंत्राची रोजची नोंद, द्रावणाच्या बाटलीचा तुकडी-क्रमांक, दोन रुग्णांमध्ये बदललेले हातमोजे, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून प्रत्येक डोळा पाहणे, या साखळीतील बहुतेक कड्या परिचर्येच्या आहेत. जेथे माणसे अपुरी, प्रशिक्षण घाईचे आणि लक्ष्याचा आकडा मोठा, तेथे प्रथम याच कड्या तुटतात.

राष्ट्रीय सर्वेक्षणातून या तुटीचे माप मिळते. २०१५ ते २०१९ या काळातील सर्वेक्षणानुसार देशातील अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्क्यांवर आले आहे. १९७६ चे उद्दिष्ट दृष्टिपथात आहे. पन्नाशीपुढील लोकांतील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण अजूनही मोतीबिंदू हेच आहे. त्याच यादीत आणखी एक कारण आहे : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंत, ७.२ टक्के. म्हणजे ज्यांच्यापर्यंत उपचार पोहोचला, त्यांतीलही काही जण अंधच राहिले. पहिला आकडा अधिक शस्त्रक्रियांची मागणी करतो. दुसरा अधिक चांगल्या शुश्रूषेची.

आज ही शुश्रूषा रुग्णालयातून घरात आली आहे. काही तासांनी घरी सोडलेल्या रुग्णाच्या हातात थेंबांची बाटली असते, आणि पुढील चार ते सहा आठवडे ती योग्य रीतीने वापरणे हाच उपचार असतो. हात साबणाने धुणे, खालची पापणी हलकेच ओढून खोबणी करणे, बाटलीचे टोक डोळ्याला लागू न देणे, एकच थेंब घालणे, दोन औषधांमध्ये निदान पाच मिनिटांचे अंतर ठेवणे. पापणीच्या खोबणीत एकाहून अधिक थेंब मावतच नाही. दुसरा गालावरून ओघळतो. दुखणे वाढले, लाली वाढली, पू आला किंवा आलेली दृष्टी कमी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, हे वाक्य रुग्णाच्या भाषेत, त्याला नीट ऐकू येईल अशा आवाजात सांगणे आणि त्याच्याकडून परत वदवून घेणे, हे काम पाच मिनिटांचे आहे. वृद्धापकाळी दृष्टीबरोबर श्रवणही मंदावते, म्हणून ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहूनही द्यावे लागते. पूर्वी दहा दिवस चालणारी शुश्रूषा आता या पाच मिनिटांत सामावली आहे. ती पाच मिनिटे वगळली गेली, तर उरलेल्या तंत्रज्ञानाचा उपयोग होत नाही.

२०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग अधिनियमाने नेत्रविज्ञानातील सहायक व्यावसायिकांना कायद्यात प्रथमच स्वतंत्र स्थान दिले आहे. शिक्षणाचा दर्जा, नोंदणी आणि पदे यांच्या रूपाने ते प्रत्यक्षात कितपत उतरते यावर पुष्कळ काही अवलंबून राहील. सुश्रुताच्या पाठांतील दहा दिवसांचा संयम, मद्रासच्या विभागातील वाळूच्या पिशव्या आणि मदुराईतील मुलींनी घेतलेली मोजमापे यांच्यात एक सलग सूत्र आहे. हत्यार बदलले, छेद लहान झाला, दाबाची भूमिका उलटली. डोळा बरा होईपर्यंत कोणीतरी जागरूकपणे त्याच्याजवळ असावे लागते, ही अट मात्र कधीच बदलली नाही.

#विज्ञानाचा_इतिहास #नेत्रशुश्रूषा #मोतीबिंदू